मागच्या सात दिवसांत

गेणूकाका बोरस्त्यांना आयुष्यात कुणी फारसं काही विचारलं नव्हतं. वडिलांनी शाळेतून काढलं तेव्हा विचारलं नाही, मामांनी सातपूरच्या कंपनीत चिकटवलं तेव्हा विचारलं नाही. मुलगा चंदर याने गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा तर "बाबा, तुमच्यासाठीच घेतलाय" म्हणून किल्लीच हातात ठेवली आणि आपण हैदराबादला निघून गेला. त्यामुळे जुलैतल्या एका दुपारी एक मुलगी दारात उभी राहून "काका, थोडे प्रश्न विचारायचेत, वेळ आहे ना?" असं म्हणाली, तेव्हा काकांना काय करावं तेच सुचेना. त्यांनी तिला आत बसवलं, पंखा पाचवर केला आणि चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात पळाले.

मुलीचं नाव तेजस्विनी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि पायात दिवसभर जिने चढून धुळीने पांढऱ्या पडलेल्या चपला. देशातली किती माणसं शेतीत आहेत, किती कारखान्यांत, किती दुकानं-नोकऱ्यांत, याची सरकारी पाहणी चालू होती आणि यादीत या सोसायटीतली आठ घरं निघाली होती. तीन महिन्यांनी एकदा, अशी ती चार वेळा येणार होती. काकांनी चार हा आकडा लगेच मनात ठेवला.

"घरात एका चुलीवर जेवणारी माणसं किती?" तिने विचारलं.

"एक," काका म्हणाले. मग उगाच म्हणाले, "चूल म्हणजे गॅसच आहे. पण एकच." बायकोचं, लंकाबाईचं नाव त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. तिला जाऊन अडीच वर्षं झाली होती, आणि गेलेल्या माणसासाठी त्या टॅबमध्ये जागा असणार नाही एवढं त्यांना कळत होतं.

"मागच्या सात दिवसांत काही काम केलंत? पैसे किंवा काही मोबदला मिळेल असं. हप्त्यात एक तास केलं असेल तरी मी धरते."

"छे हो मॅडम. रिटायर माणूस मी. आता कसलं काम?"

काका हसत हसत बोलून गेले आणि तिथेच फसले. तेजस्विनीने एका ठिकाणी बोट टेकवलं, पुढची पानंच्या पानं आपोआप सरकून गेली आणि ती म्हणाली, "झालं काका." आधणाला अजून उकळीही फुटली नव्हती. चहा राहू द्या, पुढची घरं आहेत, असं म्हणून ती समोरच्या नौशादच्या दाराकडे वळली.

समोर ती सव्वा तास बसली. काकांनी दार बोटभर उघडं ठेवलं होतं, त्यामुळे सव्वा तास हा त्यांचा अंदाज नव्हता. कपबशा वाजल्याचा आवाज आला, मध्येच सगळे हसले. संध्याकाळी जिन्यात नौशाद भेटला तेव्हा काकांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "एवढा वेळ काय विचारत होती रे ती?"

"काय सांगू काका, डोकं खाल्लं," नौशाद म्हणाला. "माझं इलेक्ट्रिकचं दुकान, बायकोचे डबे, मुलगी इन्शाची लॅबमधली नोकरी. प्रत्येकाचं वेगळं. कुठं काम करता, हाताखाली किती जण, सोमवारी किती तास, मंगळवारी किती तास. काम करणाऱ्याचं सगळं विचारतात. तुम्ही सुटलात."

सुटलो, असं काकांनी रात्री कुकर लावताना दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. तीन शिट्ट्या झाल्या आणि भात नेहमीसारखा एका माणसाला जास्त झाला.

आता खरं सांगायचं तर गेणूकाकांना काम नाही असं लिहिणं म्हणजे गोदावरीला पाणी नाही असं लिहिण्यासारखं होतं. निफाडजवळच्या गावात ते आठव्या वर्षापासून ऊस तोडत होते, पुढे द्राक्षबाग आली तेव्हा वेली बांधत होते. एकोणिसाव्या वर्षी सातपूरला आले आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत चौतीस वर्षं फिटर म्हणून राबले. सुतासुतावर नजर असलेला माणूस. मशीनने केलेल्या कामावरून हे नुसता अंगठा फिरवायचे आणि कुठे खोट आहे ते सांगायचे. कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला, आणि तेच घड्याळ आता दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायचं. रविवारी चंदरचा व्हिडिओ कॉल यायचा. नातू रुद्र पडद्यावर येऊन "हाय आजोबा" म्हणायचा आणि खेळायला पळायचा. आठवड्याचं बोलणंचालणं तिथे संपायचं. काका एकटे पडले होते. आणि ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नसल्यामुळे ते अधिकच एकटे पडले होते.

म्हणून ऑक्टोबरच्या फेरीला त्यांनी तयारी केली. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. धाकटा भाऊ मोतीराम वडिलोपार्जित बाग सांभाळत होता. काका चांगले चार दिवस तिकडे जाऊन कात्री चालवून आले. हाताला फोड आले होते, आणि ते तेजस्विनीला दिसावेत म्हणून त्यांनी चहाचा कप मुद्दाम डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"मागच्या सात दिवसांत काम?" तिने विचारलं.

"शेती. चार दिवस. दिवसाला सात-आठ तास," काका तयारच होते.

तिचा चेहरा खुलला. "अरे वा. मजुरी काय मिळाली?"

"मजुरी? भावाची बाग आहे, पोरी."

"भाऊ तुमच्या चुलीवर जेवतो?"

"तो गावी. त्याची चूल वेगळी."

"मग नाही धरता येत काका," ती खरंच हिरमुसली होती. "स्वतःच्या घरची शेती असती तर फुकट राबलात तरी धरलं असतं. दुसऱ्याच्या घरी फुकट केलं तर ती मदत झाली. काम नाही."

काकांना दुसऱ्याच्या घरी हा शब्द लागला. ज्या बागेचे खांब त्यांनी स्वतःच्या हाताने रोवले ते दुसऱ्याचं घर. पण नियम तो नियम, त्यात त्या मुलीची काय चूक. पुन्हा पानं सरकून गेली. तरी या खेपेला तिने चहा घेतला, आणि कप संपेपर्यंत काकांनी तिला निफाड ते सातपूर असा सगळा प्रवास ऐकवला.

"काका, तुमच्यासारखी माणसं आमच्या तक्त्यात फार महत्त्वाची असतात," ती जाता जाता म्हणाली. "देशातली शंभरातली चाळीसच्या वर माणसं अजून शेतीत आहेत. तिथून निघून कारखान्यात पोचणारी थोडी. मधेच कुठेतरी बांधकामावर, नाहीतर दुकानात, गेटवर थांबतात. तुम्ही पोचलात." मग टॅब पिशवीत टाकून म्हणाली, "आता संक्रांतीच्या मागेपुढे येईन."

गेणूकाका त्यानंतर जे काही वागले, ते एखाद्या शहाण्या माणसाने केलं नसतं. पण तीन महिने घराची कडी कुणी वाजवलेली नसताना शहाणपण कुणाचं शाबूत राहतं, ते मला कुणीतरी सांगावं.

आधी ते अंबडला नजीरकडे गेले. नजीर कंपनीत त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं सहा माणसांचं वर्कशॉप होतं. काकांनी हप्त्यातून दोन दिवस काम मागितलं. नजीर गडबडला, उस्ताद, तुम्ही नुसते येऊन बसा, म्हणाला. "बसायला घरी खुर्ची आहे," काका म्हणाले. "काम दे आणि पगार दे. थोडा दे, पण दे." दुसऱ्या दिवसापासून ते बेंचवर उभे राहून कानस मारू लागले.

मग सोसायटीचं गेट. वॉचमन धोंडीराम दुपारी जेवायला जायचा तेव्हा काका हौसेने त्याच्या स्टुलावर बसायचे. आता त्यांनी सेक्रेटरीला गाठून सांगितलं की या दोन तासांचा मोबदला ठरवा. सेक्रेटरीला आधी ती थट्टा वाटली. नंतर त्याने महिन्याच्या चहापाण्याला पुरेल एवढी रक्कम ठरवली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला की बोरस्ते काकांचं काहीतरी बिनसलंय.

राहिली शेती. जानेवारीत घडांना उन्हाचा चट्टा बसू नये म्हणून कागद गुंडाळायचं काम निघतं. काका तीन दिवस गेले, मजूर बायकांच्या ओळीत उभे राहून शेकडो घड गुंडाळले, आणि दुपारच्या भाकरीच्या वेळेला मोतीरामला बाजूला घेऊन म्हणाले, "मोती, मला मजुरी दे."

मोतीरामला वाटलं दादाची काही अडचण आहे. "किती पायजे सांग ना दादा. चंदर पैसे धाडत नाय का?"

"पैसे नकोत. मजुरी पाहिजे. बाकीच्यांना देतोस तेवढी."

"घरच्या मानसाला मजुरी देऊ व्हय? गाव काय म्हनंल?"

काकांनी त्याला पाहणीचं सगळं समजावून सांगितलं. चूल, मोबदला, मदत, काम. मोतीरामने ऐकून घेतलं आणि त्यातलं त्याला एवढंच कळलं की सरकारी कागदावर दादाने आपली चूल वेगळी सांगितली. तो भाकरी गुंडाळून उठला. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मजुरांना पैसे वाटायला बसला तेव्हा काका बायकांच्या मागे ओळीत उभे राहिले. त्यांची पाळी आल्यावर मोतीरामने इतरांसारख्याच नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या आणि मान वर न करता म्हणाला, "पुढं." भावजयीने त्या दिवशी जेवायला थांबा म्हटलं नाही. काका बसने परत आले, आणि बसमध्ये त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय. पण संक्रांत चार दिवसांवर आली होती.

तेजस्विनी आली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. काकांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. सोमवार, मंगळवार, बुधवार शेती, मजुरी घेऊन. गुरुवार, शुक्रवार कारखाना, पगार घेऊन. शनिवारी आणि रविवारी गेटवर राखण, मोबदला घेऊन. तिने विचारावं आणि काकांनी सांगावं. कोणत्या दिवशी किती तास, काम देणारा कोण, त्याच्याकडे किती जण, नेमणुकीचा कागद आहे का, सुट्टीचे पैसे मिळतात का. एकेक पान उघडत गेलं. काकांनी इतकं सावकाश उत्तर कुणाला दिलं नव्हतं.

"काका, तुम्ही तर माझा अख्खा तक्ता एकट्याने भरलात," ती हसून म्हणाली. "शेती, उद्योग, सेवा. असा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. पण मुख्य काम एकच धरावं लागतं. ज्याला जास्त वेळ दिला ते."

"म्हणजे बाकीची दोन?"

"हप्त्याच्या तासांत येतात. पण देशाच्या आकड्यात तुम्ही शेतीत."

"चौतीस वर्षं फिटर होतो आणि आता शेतमजूर," काका म्हणाले, पण म्हणाले ते आनंदाने. दुसरा चहा झाला. मग तिनेही सांगितलं की तिचे वडील नामपूरच्या मार्केटमध्ये कांद्याच्या गोण्या उचलायचे, तिने एमए केलं, आणि ही नोकरी कराराची आहे, अकरा महिन्यांची. खोलीवर दुसऱ्या दोन मुली असतात, पण त्यांच्या पाळ्या वेगळ्या, भेट होत नाही. "लोकांना दिवसभर विचारते, तक्त्यात तुम्ही कुठे बसता. मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही." काका म्हणाले, "तू आत्ता तर इथं बसलीस." ती हसली.

शेवटी तिने एक प्रश्न वाचला. "जादा काम मिळालं तर करायला वेळ आहे का?"

"नको बाई. आता वेळ कुठला?" काका ऐटीत म्हणाले. घड्याळात एक तास चाळीस मिनिटं झाली होती. नौशादपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त. जिन्यात उतरताना तिने वर वळून सांगितलं, "एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते काका. शेवटची फेरी."

मार्चमध्ये द्राक्षाची पेटी आली नाही. दरवर्षी पहिला माल उतरला की मोतीराम एक पेटी गावच्या टेम्पोबरोबर धाडायचा. लंकाबाई होती तेव्हा ती अर्धी पेटी सगळ्या जिन्यात वाटायची. काकांनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग फोन केला. बाग कशी आहे, भाव काय मिळाला, असं सगळं बोलून झाल्यावर ते चाचरत म्हणाले, "पेटी नाही आली रे या वर्षी."

"मजुरी दिली ना दादा," मोतीराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मजुराला कुठं पेटी धाडत्यात."

त्या रात्री काकांना झोप आली नाही. जाऊन भावाचे पाय धरावेत असं वाटलं, पण धाकट्या भावाचे पाय कसे धरायचे, आणि पैसे परत केले तर तो आणखी दुखावेल. असले विचार आले की ते एप्रिल आठवत. एप्रिलमध्ये सगळं पोरीला सांगू, म्हणायचे. ती ऐकते. तिचं कामच आहे ते.

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला. वार काही तिने सांगितला नव्हता. काकांनी नजीरला फोन करून कळवलं की या हप्त्यात येणार नाही. धोंडीरामला म्हणाले, तू जेवायला जाऊ नकोस किंवा कुणा दुसऱ्याला बसव, मला घर सोडता यायचं नाही. बेलचा भरवसा नव्हता, म्हणून सोमवारपासून दार सताड उघडं ठेवलं. जाळीवरचं जळमट काढलं. हातगाडीवरून द्राक्षं आणली, ती बुधवारपर्यंत सुकली, म्हणून गुरुवारी पुन्हा आणली. दूध रोज अर्धा लिटर जास्त. जिन्यात पाऊल वाजलं की काका उठून उभे राहायचे, आणि दर वेळी ते पाऊल दुसऱ्याच मजल्यावर जायचं.

शनिवारी दुपारी फोन वाजला.

"काका, तेजस्विनी बोलतेय. ही शेवटची फेरी ऑफिसने फोनवरच घ्यायला सांगितलीय. घरं फार वाढलीत. आज संध्याकाळपर्यंत चाळीस संपवायची आहेत. पटकन विचारून घेऊ?"

"विचार की," काका म्हणाले. समोर टीपॉयवर द्राक्षांची वाटी होती.

"एका चुलीवर माणसं किती? एकच ना?"

"एकच."

"मागच्या सात दिवसांत शेतीचं काम? किती दिवस?"

"नाही गेलो."

"बरं. वर्कशॉप?"

"नाही."

"गेटवर?"

"या हप्त्यात नाही."

"म्हणजे काम होतं, पण केलं नाही. असं लिहिते. बरोबर ना? याचं कारण द्यावं लागतं काका. आजारी होतात? गावी गेला होतात? घरात काही कार्य होतं?"

काकांनी उघड्या दाराकडे पाहिलं. पुसून लखलखीत केलेली फरशी जिन्यापर्यंत दिसत होती. मोतीचं सगळं सांगायचं होतं, ते त्यांनी राहू दिलं. चाळीस घरांची पोर ती, तिला ओझं कशाला द्यायचं. आणि खरं कारण सांगितलं असतं तर तिलाच वाईट वाटलं असतं.

"आणखी कोणतं कारण असतं तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"इतर असं एक आहे."

"तेच लिही. इतर."

"बरं. आता शेवटचा प्रश्न काका, मग झालं. जादा काम मिळालं तर करायला वेळ आहे का?"

"आहे," गेणूकाका म्हणाले. मग तिने ऐकलं की नाही याची खात्री नसल्यासारखे पुन्हा म्हणाले, "वेळ आहे. लिही पोरी. वेळ भरपूर आहे."

"थँक्यू काका, तब्येतीला जपा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. पडद्यावर आकडे आले, चार मिनिटं बारा सेकंद. काकांनी ते चष्मा लावून नीट वाचले. मग उठले आणि सहा दिवस उघडं असलेलं दार लावून घेतलं.